हुकमाचे चार शब्द

संपादकबाईंनी चौथी चिठ्ठी उघडली, चष्म्याच्या खालच्या काचेतून वाचली आणि बाकीच्या तिन्हींपासून वेगळी, टेबलाच्या कडेला ठेवली.

"तीन रूल, एक गव्हर्न," त्या म्हणाल्या. "कार्ड परत."

धाकटीने हात लांब करून कार्ड घेतलं. हे तिसऱ्यांदा. कार्डाचा कोपरा एव्हाना मऊ पडला होता, खूप वेळा घडी घातलेल्या रुमालासारखा. ऑफिसात सगळ्यांत लहान म्हणून तिला धाकटी म्हणत. घरी सात महिन्यांची मुलगी होती, तरी इथे ती धाकटीच राहिली होती.

चौथी चिठ्ठी कोणाची, हे विचारायची गरज नव्हती. प्राध्यापकांनी पेनाचं टोपण लावलं आणि नम्रपणे म्हणाले, "इंग्रजीत असंही म्हणतात. मी काही मनाने लिहीत नाही."

"तुम्ही मनाने कधी लिहिलंय, प्राध्यापक," टंकलेखिका म्हणाली. तिने चिठ्ठ्यांचे तुकडे गोळा केले. मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांनी डबा पुढे केला. बोलताना ते दर तीन शब्दांनी थांबत, म्हणून त्यांना सगळे स्वल्पविराम म्हणत, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं.

कोश होता घरबसल्या इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी. अठरा वर्षांपूर्वी बाईंनी त्यात एक पद्धत घालून दिली. जवळजवळ सारखे दिसणारे शब्द एका गटात घ्यायचे, त्यांच्यातला फरक आपल्या भाषेत कार्डावर लिहायचा, आणि शुक्रवारी सकाळी तो सगळ्यांसमोर वाचायचा. मग मराठी वाक्य द्यायचं, ज्यात क्रियापदाची जागा रिकामी. लिहिणारा सोडून उरलेले चौघे चिठ्ठीवर आपापला शब्द लिहिणार. चारही चिठ्ठ्या जुळल्या तर कार्डावर बाईंची हिरव्या शाईतली सही. एक जरी वेगळी निघाली तरी कार्ड परत. जाणत्या चौघांचं एकमत होत नसेल तर शिकणाऱ्याला काय कप्पाळ कळणार, असं बाईंचं म्हणणं.

बाळंतपणाच्या रजेआधी धाकटीने चालण्याचा गट केला होता. एकोणीस शब्द. रखडत चालणं, डुलत चालणं, तरातरा चालणं, सगळं. तो एका बैठकीत मंजूर झाला, आणि त्या दिवशी बाईंनी तिला 'हात आहे तुझा' असं म्हटलं होतं. रजेवरून परतल्यावर तिच्या वाट्याला आला हुकमाचा गट. त्यातले आठ शब्द सुटले. चार मात्र एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसले होते: रेन, रूल, गव्हर्न, लीड.

बाकीचे उठल्यावर बाईंनी तिला थांबवलं.

"पुढच्या शुक्रवारी हे चार बसले नाहीत तर गट प्राध्यापकांकडे देते. छपाईची तारीख माझ्या हातात नाही."

"बरं."

"आणि तू मग मुद्रितांच्या टेबलावर बस. कायमची." बाईंनी चिठ्ठ्यांचा डबा बंद केला. "ते काम वाईट नाही. पाचाला सुटतं. डोक्यात घेऊन घरी जावं लागत नाही. तुला बाळ आहे."

त्यात टोमणा नव्हता. बाई खरंच काळजीने बोलत होत्या, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. रागावल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं.

बाहेर बाकावर सासूबाई तिच्या मुलीला, ठकीला, मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रोज अकराला त्या बस पकडून ठकीला घेऊन येत, धाकटी जुन्या कार्डांच्या खोलीत बसून तिला पाजे, आणि साडेअकराला आजी-नात परत जात. ठकी बाटली तोंडाला लावू देत नसे. सासूबाईंच्या मते तो तिचा बाणेदारपणा होता.

"पुन्हा परत?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं, आई?"

"दार लावलंस ते इतकं हळू लावलंस की कोणी आजारी असावं आत."

धाकटी खोक्यांच्या मधल्या स्टुलावर बसली. ठकीने दोन्ही हातांनी तिचा खांदा पकडला, जणू कोणी पळवून नेणार होतं. धाकटीने तिच्या टाळूवर हनुवटी टेकली आणि बराच वेळ तशीच राहिली. मुद्रितांच्या टेबलावरून खिडकी दिसत नाही, असा एक बिनकामाचा विचार तिच्या मनात आला.

*

रविवारी दुपारी ठकी झोपली. धाकटीने स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला कार्ड मांडलं. दुसऱ्या टोकाला सासूबाई मटार सोलत होत्या. ठकीची झोप म्हणजे अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं. तेवढ्यात काय व्हायचं ते.

तिने कार्ड वाचलं. पहिल्या शुक्रवारी प्राध्यापकांनी एक अपवाद काढला होता, तो तिने 'क्वचित' म्हणून घातला होता. दुसऱ्या शुक्रवारी आणखी एक काढला, तो 'विशेषतः' म्हणून. आता कार्डावर 'क्वचित', 'विशेषतः' आणि 'सर्वसाधारणपणे' यांचीच दाटी झाली होती आणि मूळ शब्द कुठेतरी मागे, पाहुण्यांच्या गर्दीत यजमान हरवावा तसे.

"काय इतकं कोरतेयस?" सासूबाईंनी विचारलं.

"चार शब्द आहेत, आई. चारींचा अर्थ राज्य करणं, चालवणं, असाच काहीतरी. पण चारी वेगळे."

"वेगळे आहेत तर वेगळे सांग."

"तेच येत नाहीये."

"वाच बघू एक."

"रेन."

"पाऊस?" सासूबाईंना तेवढं येत होतं.

"नाही, ते वेगळं. ह्याच्यात मधे एक जी आहे. पण तो बोलत नाही."

"तुझ्या सासऱ्यांसारखा," सासूबाई म्हणाल्या आणि एक शेंग मधोमध फोडली. "घरात आहेत, पण आवाज नाही. बरं, मग हा काय करतो?"

"गादीवर असतो. राजा, राणी. अमक्याच्या कारकिर्दीत, म्हणतो ना आपण, तसं."

"आमचे मोठे साहेब."

सासूबाईंनी एकतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डात आया म्हणून काम केलं होतं. सगळ्या जगाची उदाहरणं त्यांना तिथेच सापडत.

"मोठे साहेब वरच्या मजल्यावर बसायचे. वर्षातून दोनदा खाली यायचे, तेव्हा आम्ही फिनेल मारायचो. ते महिनाभर रजेवर गेले तरी एक इंजेक्शन चुकलं नाही. पण आजही मी म्हणते, ते अमुक साहेब होते ना, त्यांच्या वेळी नवा वॉर्ड झाला. काम त्यांनी नाही केलं. काळ त्यांच्या नावावर."

धाकटीच्या हातातली पेन्सिल थांबली.

"आणि मेट्रन?"

"मेट्रनबाई?" सासूबाईंनी सोललेले दाणे वाडग्यात लोटले. "त्यांच्या शब्दावर शब्द नव्हता. भेटायची वेळ चार ते सहा असं बोर्डावर लिहिलेलं. त्या आल्या आणि म्हणाल्या, आज पाच, की आज पाच. बोर्ड जाऊ दे चुलीत. वाईट नव्हत्या हं. पण घड्याळसुद्धा त्यांना विचारून चालायचं."

"मग त्यांच्यानंतर?"

"त्यांच्यानंतर कमिटी आली. दहा माणसं, तीन मिटिंगा. मग ठरायचं चादरी कधी बदलायच्या. पण एक होतं, कमिटीतल्या डॉक्टरांची आई भेटायला आली ना, ती पण बाहेर बाकावर बसली. चार वाजेपर्यंत. मी स्वतः बसवली." सासूबाई हसल्या. "डॉक्टर काही बोलू शकले नाहीत. त्यांनीच सही केलेली."

आत ठकी कुशीवर वळली. दोघींनी कान दिला. ती पुन्हा झोपली.

"चौथा?"

"लीड. म्हणजे पुढे होणं."

सासूबाईंनी शेंग हातातच धरली.

"एकदा कपड्यांच्या खोलीतून धूर आला," त्या म्हणाल्या. "दिवे गेले. लिफ्ट बंद. सगळे पॅसेजमध्ये उभे. डॉक्टर, नर्स, मेट्रनबाई, सगळे. प्रत्येक जण दुसऱ्याचं तोंड बघतोय, कोण सांगतंय म्हणून. एक झाडूवाली होती, लागून महिना नव्हता झाला. तिने एका म्हातारीला पाठुंगळी घेतलं आणि म्हणाली, मी मागच्या जिन्याने चालले. यायचं त्याने या. बस. मागे वळून बघितलं पण नाही तिने. आणि आम्ही सगळे गेलो. मोठे साहेबसुद्धा, एका पेशंटची सलाइनची बाटली वर धरून."

"तुम्हीही?"

"मी दोन पोरं घेतली होती, एक ह्या कडेवर, एक त्या." त्यांनी दोन्ही कोपर किंचित उचलले, वजन अजून तिथेच असल्यासारखे. "तिचं नाव आठवत नाही बघ. पाठ आठवते."

धाकटीने जुनं कार्ड उलटं ठेवलं आणि कोरं घेतलं. आपण काय चूक करत होतो ते तिला आता इतकं लख्ख दिसलं की हसू यायला लागलं. तिने तिन्ही वेळा कार्ड लिहिलं होतं ते प्राध्यापकांच्या चिठ्ठीसाठी. नुसती तीच नव्हे, ते सगळेच अठरा वर्षं तेच करत होते. ज्याला येत नाही त्याच्यासाठी लिहायचं आणि ज्यांना येतं त्यांनी तपासायचं. पोहायला येणाऱ्या चौघांनी काठावर बसून विहिरीची खोली ठरवावी तसं.

तिने प्रत्येक शब्दापुढे एकच प्रश्न लिहिला, चौथ्याखाली झाडूवालीचं दोन ओळींचं उदाहरणही. चौथा लिहून होतो न होतो तोच आतून ठकीची हाक आली. तिची हाक म्हणजे रडणं नसे. एक लांब, चिडका 'ए'.

"झाली जागी," सासूबाई म्हणाल्या. "जा. मटारांकडे कोणी तरी बघायला हवं म्हणून मी थांबते."

*

शुक्रवारी धाकटीने नवं कार्ड वाचलं. वाचायला एक मिनिटही लागलं नाही.

"संपलं?" प्राध्यापकांनी विचारलं.

"हो."

"प्रश्न विचारून कोश होत नाही, धाकटी. कोशाने उत्तरं द्यायची असतात."

"वाक्य," बाई म्हणाल्या.

धाकटीने वाक्य वाचलं. चौघांनी लिहिलं. पंख्याच्या वाऱ्याने चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीवर वजन ठेवलं. प्राध्यापकांचं पितळी कासव, स्वल्पविरामांची शाईची रिकामी बाटली. बाईंनी एकेक उघडली. रूल. रूल. त्यांची स्वतःची, रूल. मग कासवाखालची.

त्यांनी ती कडेला ठेवली. टंकलेखिकेने खाली बघितलं.

बाईंनी कार्ड पुढे सरकवलं. धाकटीने ते घेतलं नाही. हात मांडीवरच ठेवले.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"इथे चौघांनाही इंग्रजी येतं. कार्ड वाचलं नसतं तरी चौघांनी काहीतरी लिहिलंच असतं. मग आपण कार्ड तपासतोय की एकमेकांना?"

बाईंनी कार्डावरचं बोट उचललं.

"ज्याला येत नाही त्याला तपासू द्या," ती म्हणाली.

"तो कुठून आणायचा?" प्राध्यापक म्हणाले.

तेवढ्यात दार एक बोटभर उघडलं. आधी तो लांब, चिडका 'ए' आला, मागून सासूबाईंचं तोंड.

"माफ करा हं. सव्वाअकरा झाले. ही आता बाकाचा दांडा खायला निघाली आहे."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "आजी, तुम्हाला इंग्रजी येतं?"

"बाटलीवरचं पॉयझन तेवढं ओळखते."

"बसा."

स्वल्पविरामांनी उठून आपली खुर्ची दिली. प्राध्यापक घसा साफ करून म्हणाले की हे रीतीला धरून नाही, शिवाय या बाईंनी घरी सगळं ऐकलेलं असणार.

"ऐकलंय की," सासूबाई म्हणाल्या. "मटार सोलता सोलता."

"मग वाक्यं तुम्ही घाला, प्राध्यापक," बाई म्हणाल्या. "नवी. आत्ताची. आम्ही नेहमीसारखं लिहू, तुम्हीही लिहा. आजी आपलं उत्तर सांगतील."

"आणि हिने खुणा केल्या तर?"

धाकटीने ठकीला घेतलं, खुर्ची उचलून वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. "मी इथे पाजते. पाठ तुमच्याकडे."

एरवी हे जुन्या कार्डांच्या खोलीत होई, दार लावून. आज तिने दुपट्याने ठकीला झाकून घेतलं आणि ठकी लगेच कामाला लागली. समोर भिंत होती, भिंतीवर पंख्याच्या पात्यांची सावली. मागे काय चाललंय ते आता फक्त ऐकायचं. कार्ड सासूबाईंसमोर सरकल्याचा आवाज आला. चार शब्द देवनागरीत लिहिलेले होते, आणि प्रत्येकापुढचा प्रश्न.

"राणी म्हातारी झाली होती," प्राध्यापकांनी सुरुवात केली. "राज्याचं सगळं काम मंत्री बघत. तरी तिने पन्नास वर्षं, रिकामी जागा, केलं."

पेनं चालली. सासूबाईंनी कार्डावरून बोट फिरवत हळू वाचलं, "हा नसेल तर काम अडेल का?" मग म्हणाल्या, "मंत्री बघतात म्हणजे नाही अडणार. पण पन्नास वर्षं तिच्या नावावर. हा. रेन. न बोलणारा."

चिठ्ठ्या उघडल्या. "रेन," बाई वाचत गेल्या. "रेन. रेन. रेन."

"हे सोपं होतं," प्राध्यापक म्हणाले.

"तुम्हीच घातलंत," टंकलेखिका म्हणाली.

दुसरं वाक्य लांबलचक होतं. एक शहर, त्याची निवडून आलेली सभा, सभेनेच केलेले कायदे, आणि त्या कायद्यानुसार सभेच्या प्रमुखालाच भरावा लागलेला दंड. वाक्य संपायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरांची आई."

"काय?"

"बाकावर बसली ती. गव्हर्न."

चारही चिठ्ठ्या गव्हर्न निघाल्या. धाकटीने ठकीच्या पावलाभोवती मूठ आवळली. ते इतकं लहान होतं की पुरतं मुठीत मावत होतं.

प्राध्यापकांच्या काठीचं टोक फरशीवर दोनदा वाजलं.

"एका बाईने," ते म्हणाले, "सत्तावीस वर्षं एक शाळा, रिकामी जागा, केली."

"एवढंच?" सासूबाईंनी विचारलं.

"एवढंच."

पेनं चालली. प्राध्यापकांचं सगळ्यांत आधी थांबलं. कासव टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"एवढ्यावरून नाही सांगता येणार," सासूबाई म्हणाल्या. "दोन्ही बसतंय. ह्या कार्डावर विचारलंय, चालवणारा स्वतः नियमाला बांधलेला आहे का. होत्या का त्या?"

"संस्था होती. नियमावली होती. छापील."

"छापील असतेच हो. आमच्याकडे फ्रेम करून लावली होती. मी विचारतेय, त्या बाईंना स्वतःला उशीर झाला तर?"

"उशीर व्हायचा नाही."

"कधीच नाही? माणूस आहे. बस चुकते, पोर आजारी पडतं."

"पोर आजारी पडायचं," प्राध्यापक म्हणाले. त्यांचा आवाज आता वर्गात शिकवल्यासारखा नव्हता. "पण उशीर व्हायचा नाही. शाळेची घंटा त्या फाटकातून आत आल्यावर व्हायची. त्या येतील तेव्हा साडेदहा."

ठकीचं गिळणं तेवढं ऐकू येत होतं.

"मग हा," सासूबाई हळू म्हणाल्या. "रूल."

कागद टरकन फाटला. मग पेनाची कुरकुर. चिठ्ठ्या उघडायला बाईंनी घाई केली नाही.

"रूल," त्यांनी वाचलं. "रूल. रूल." आणि थोडं थांबून, "रूल."

"आधी गव्हर्न लिहिलं होतं मी," प्राध्यापक म्हणाले. "इतकी वर्षं असंच सांगत आलो सगळ्यांना, की शाळा नियमांवर चालायची." त्यांनी कासव उचललं असावं, कारण ते पुन्हा खाली ठेवल्याचा आवाज आला. "पोर मी होतो."

टंकलेखिकेच्या खुर्चीशेजारच्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि पेला टेबलावरून सरकत कोणाकडे तरी गेला.

मग हिरव्या पेनाचा आवाज. बाईंचं निब जाड होतं, सही करताना ते कागद ओरबाडल्यासारखं वाजे. धाकटीने तो आवाज अंधारातही ओळखला असता. एकदा. दोनदा. तीनदा.

"तीन शब्द मंजूर," बाई म्हणाल्या. "धाकटी, पुढचा भीतीचा गट. चौदा शब्द आहेत. तोही तुझ्याकडे."

धाकटीने मान हलवली; पाठमोरी असली तरी ती दिसली असावी.

"तो माझ्याकडे होता," प्राध्यापक म्हणाले.

"होता," बाई म्हणाल्या.

"त्यातलं दहशतीचं कार्ड मी अर्धं केलंय." पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. "ते फाडून टाक, धाकटी. नवं लिही. प्रश्नांचं."

आता ती हसली. भिंतीने ते पाहिलं, आणि ठकीने. ठकीने पिणं थांबवून वर बघितलं आणि तोंडात दूध असतानाच हसून ते सगळं हनुवटीवर सांडलं.

"चौथा राहिला," बाई म्हणाल्या. "याचं वाक्य मी घालते. एक बाई अठरा वर्षं हे ऑफिस, रिकामी जागा, करते आहे."

खुर्ची दिल्यापासून स्वल्पविराम ज्या कपाटाला टेकून उभे होते, ते करकरलं. एकही पेन चाललं नाही.

"लिहा," बाई म्हणाल्या. "चिठ्ठीवर नाव नसतं."

"अक्षर, असतं की, बाई," स्वल्पविराम म्हणाले.

"आजी, तुम्ही सांगा. तुम्हाला माझी भीती नाही."

सासूबाईंनी कार्डावरचा चौथा प्रश्न मोठ्याने वाचला. "मागे थांबायची मोकळीक असूनही माणसं येतात का?" मग विचारलं, "इथे हजेरी आहे?"

"आहे."

"वहीवर सही?"

"साडेदहाला."

"मग नाही हो कळणार. दाराला कडी असली की आतला माणूस राहिलाय का अडकलाय, कसं सांगू?"

"मग कसं कळायचं?"

"सुट्टी द्या आणि चालायला लागा," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. खुर्ची मागे सरकली. त्यांचा उजवा गुडघा दुखे, उठताना त्या नेहमी टेबलावर तळहात दाबत. तो दाबलेला आवाजही आला.

"आजचं काम संपलं," त्या म्हणाल्या. "सुट्टी. ज्याला घरी जायचं त्याने खुशाल जावं, हजेरी पूर्ण लागेल. मी खालच्या गोदामात चालले. पहिल्या अक्षराच्या कार्डांचे खोके ओल लागून खराब होतायत. वर आणायचे आहेत. दोन महिने सगळ्यांना सांगून झालं, आता सांगत नाही."

त्यांची पावलं दारातून गेली. जिन्यावर एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. गुडघ्यामुळे त्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. आवाज हळूहळू खाली गेला.

धाकटीने कान टवकारले. ठकीनेही पिणं सोडून कान दिला, तिची सवयच होती ती.

"धुळीने मला खोकला होतो," प्राध्यापक म्हणाले, कोणालाही उद्देशून नाही.

"मला डबा आणायचा होता वाटेत," टंकलेखिका म्हणाली. तिने पर्स उचलली, तिची चेन लावली. मग पर्स परत टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि तिच्या चपला दाराकडे गेल्या. जिना ती नेहमी पळतच उतरे.

"पंखा, कोणी तरी, बंद करा," स्वल्पविराम म्हणाले. सासूबाईंनी बटण दाबलं. ते गेले. भिंतीवरची सावली मंदावत मंदावत थांबली, आणि त्या शांततेत तिसरी पावलं स्पष्ट ऐकू आली.

काठी फरशीवर वाजली. दारापाशी आली. तिथे थोडा वेळ थांबली.

"तुमच्या त्या झाडूवालीने," प्राध्यापकांनी सासूबाईंना विचारलं. कार्डावर उदाहरण म्हणून ती होती. "खरंच मागे बघितलं नाही?"

"एकदाही नाही."

"हं," ते म्हणाले. मग पहिल्या पायरीवर काठी, त्यामागे पाय.

"आई," धाकटीने भिंतीकडे बघतच विचारलं, "सगळे गेले?"

"मी आहे की. पण मीही जातेय, एखादा हलका खोका मिळाला तर बघते." सासूबाईंनी जाता जाता ठकीच्या हनुवटीवरचं दूध बोटाने पुसलं. "तू उठू नकोस. हिचं व्हायचंय अजून."

त्याही गेल्या. जिन्यावरून आता एकमेकांत मिसळलेले आवाज येत होते, कोणाचा कोणता ते ओळखता येत नव्हतं. मग खाली कुठेतरी कुलूप उघडलं, कोणी शिंकलं, आणि बाई काहीतरी बोलल्या. शब्द कळले नाहीत. पण त्या बोलत होत्या तो आवाज शुक्रवारचा नव्हता. तो किंचित चढला होता, मधेच तुटला, आणि मग खाली सगळे एकदम हसले.

धाकटीने ठकीला खांद्यावर टाकलं, एका हाताने खुर्ची फिरवली आणि टेबलाकडे तोंड करून बसली. कार्ड मधोमध पडलं होतं, तीन सह्या अजून ओल्या. चौथ्या ओळीपुढे बाईंनी आपलं हिरवं पेन आडवं ठेवलं होतं. तिने कार्ड उचलून खिडकीत सुकायला ठेवलं, पेन त्याच्या कडेवर वजन म्हणून. मग कासव, शाईची बाटली, चिठ्ठ्यांचा डबा एका बाजूला लोटत, ठकीच्या पाठीवर थोपटत, तिने खोक्यांसाठी अख्खं टेबल मोकळं करायला घेतलं.